अन्ननलिका आणि आतड्यांचे इओसिनोफिलिक आजार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घास अडकतो म्हणून वर्षानुवर्षं पित्ताच्या गोळ्या घेणारी माणसं आणि रक्ताच्या रिपोर्टात ‘इओसिनोफिल वाढलेत’ एवढंच वाचून धास्तावलेली माणसं, दोघांचेही प्रश्न इथे आहेत. सगळ्यात जास्त विचारणा अन्ननलिकेच्या आजाराबद्दल होते, म्हणून जास्त जागाही त्यालाच दिली आहे. औषधाचा डोस कुठेही दिलेला नाही. तो वय, वजन आणि रिपोर्ट बघून तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा.

१. इओसिनोफिल म्हणजे काय? ते शरीरात असणं वाईट आहे का?

इओसिनोफिल हा रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. इओसिन नावाचा रंग या पेशी पटकन शोषून घेतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली गुलाबी-लाल दिसतात, म्हणून जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांनी १८७९ मध्ये त्यांना हे नाव दिलं. जंतांशी लढणं हे त्यांचं काम आणि ॲलर्जीतही त्या पुढे असतात. जठरात आणि दोन्ही आतड्यांत त्या निरोगी माणसालाही असतात. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागात तर बऱ्याच. अपवाद अन्ननलिकेचा. तिच्या अस्तरात या पेशी एरवी नसतातच. म्हणून अन्ननलिकेत त्या सापडणं आणि आतड्यात सापडणं या दोन गोष्टींचा अर्थ वेगळा होतो (प्रश्न १७ पाहा).

२. हा एकच आजार आहे की अनेक?

एकाच कुटुंबातले अनेक. पेशी कुठे साचल्या त्यावरून नाव पडतं: अन्ननलिकेत असल्या तर इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस, म्हणजेच ‘इओई’, जठरात गॅस्ट्रायटिस, लहान आतड्यात एंटरायटिस, मोठ्या आतड्यात कोलायटिस. जुन्या फाइलमध्ये सरसकट ‘इओसिनोफिलिक गॅस्ट्रोएंटरायटिस’ लिहिलेलं दिसेल. २०२२ मध्ये तज्ज्ञांनी नावं अशी भागवार नक्की केली. यांतला इओई सगळ्यात जास्त आढळतो, तरी त्याची स्वतंत्र आजार म्हणून ओळख १९९० च्या दशकात पटली. त्यामुळे त्याआधी शिकलेल्या डॉक्टरांच्या अभ्यासक्रमात तो नव्हता.

३. माझ्या रक्तपेशींच्या तपासणीत (सीबीसी) इओसिनोफिल १० टक्के आलेत. मला हाच आजार आहे का?

बहुधा नाही. आधी टक्केवारी सोडा आणि ‘ॲब्सोल्यूट काउंट’, म्हणजे पेशींची प्रत्यक्ष संख्या, बघा. एका मायक्रोलिटरमध्ये ५०० पर्यंत असेल तर तो सामान्य मानतात. त्याहून जास्त असेल तर आपल्याकडे पहिला संशय जंतांचा, मग दमा, सर्दीची ॲलर्जी, त्वचेचा इसब, एखादं नवीन सुरू झालेलं औषध. हत्तीरोगाच्या जंतूंमुळे होणारा खोकल्याचा एक आजारही हा आकडा खूप वर नेतो. आकडा सतत १,५०० च्या वर राहत असेल तर फिजिशियनला दाखवाच, पोट दुखत असो वा नसो.

उलटही खरं आहे. इओई असलेल्या अनेकांचा सीबीसी अगदी नॉर्मल येतो. रक्ताच्या रिपोर्टवरून हा आजार ठरत नाही आणि नाकारताही येत नाही.

४. मला पित्ताचा त्रास आहे असंच सगळे म्हणतात. हे पित्त की इओई, कसं ओळखायचं?

नक्की ओळख दुर्बिणीतून (एंडोस्कोपी) काढलेला अन्ननलिकेच्या अस्तराचा तुकडा तपासूनच पटते (प्रश्न ६). पण संशय घ्यायला जेवणाच्या सवयी फार बोलक्या असतात. पित्तात मुख्य तक्रार जळजळीची असते, तर इओई असलेल्या मोठ्या माणसाची तक्रार असते ती घास उतरत नसल्याची. कोरडी भाकरी, पोळी, पाव, मटण-चिकनचा तुकडा, मोकळ्या भाताचा मोठा घास छातीत थबकतो, पाणी प्यायल्यावर सरकतो.

गंमत अशी की माणूस याला इतका सरावतो की ‘गिळताना त्रास होतो का?’ या प्रश्नाला मनापासून ‘नाही’ म्हणतो. म्हणून असं विचारा. पंगतीत सगळे उठल्यावरही तुमचं ताट अर्धंच असतं का? प्रत्येक घासाला पाणी लागतं का? भाकरी आमटीत कुस्करल्याशिवाय खाता येत नाही का? मटण टाळून फक्त रस्सा घेता का? मोठी गोळी नको, सिरप द्या म्हणता का? बाहेर चारचौघांत जेवायचं टाळता का? यांतल्या दोन-तीन प्रश्नांना ‘हो’ असेल आणि सोबत दमा, इसब किंवा शिंकांची ॲलर्जी असेल, तर पोटविकारतज्ज्ञांना हे सगळं सवयींसकट सांगा. हा आजार पुरुषांत स्त्रियांच्या साधारण तिप्पट आढळतो, पण स्त्रियांना होत नाही असं मुळीच नाही.

५. मूल खायला त्रास देतं, उलट्या करतं. आजी म्हणते नखरे आहेत. काय समजायचं?

लहान मूल ‘घास अडकतो’ असं सांगत नाही. ते घास गालात धरून बसतं, पातळच मागतं, जेवायला तासभर लावतं, उलटी करतं किंवा पोट दुखतं म्हणतं. खाण्यात आवडीनिवडी असलेलं प्रत्येक मूल आजारी नसतं हे खरं. पण वजन-उंचीचा आलेख खाली घसरत असेल, उलट्या महिनोन् महिने चालू असतील, वयाप्रमाणे घट्ट पदार्थांकडे मूल वळतच नसेल, तर त्याला रागावून किंवा जबरदस्तीने भरवून काही साधत नाही. गिळताना दुखतं म्हणून नको म्हणणाऱ्या मुलाला हट्टी ठरवणं फार अन्यायाचं आहे. लहान मुलांच्या पोटविकारतज्ज्ञांना दाखवा.

६. दुर्बीण केलीच पाहिजे का? आणि आधीची दुर्बीण नॉर्मल आली होती, मग?

इओईसाठी हो, केलीच पाहिजे. आजार ठरतो तो सूक्ष्मदर्शकाखाली: अन्ननलिकेच्या तुकड्यात एका हाय पॉवर फील्डमध्ये (खूप मोठं करून पाहताना एका वेळी दिसणाऱ्या भागात) १५ किंवा अधिक इओसिनोफिल, सोबत गिळण्याची लक्षणं, आणि दुसरं कारण नसल्याची खात्री.

दुर्बिणीत कधी गोल कडी, उभ्या चिरा, पांढरे ठिपके दिसतात, पण काही जणांची अन्ननलिका नुसत्या नजरेला अगदी नितळ दिसते. त्यामुळे ‘दुर्बीण नॉर्मल’ या दोन शब्दांवर थांबू नका. तुकडे घेतले होते का ते रिपोर्टमध्ये शोधा. या पेशींमुळे येणारी सूज सलग नसून जागोजागी असते, म्हणून वरच्या आणि खालच्या अशा वेगवेगळ्या पातळ्यांवरून किमान सहा तुकडे घ्यायचे असतात. तपासणीआधीच हे डॉक्टरांशी बोलून घ्या. तसंच तुम्ही पित्ताची गोळी घेत असाल तर ती चालू ठेवायची की थांबवायची हेही विचारा, कारण ती गोळी पेशींची संख्या कमी करून निदान झाकू शकते.

७. उपचार कोणते आहेत? स्टेरॉइड घ्यावंच लागतं का?

नाही. इओईसाठी सुरुवातीला तीन वाटा आहेत आणि कुठली धरायची हे बऱ्याच अंशी तुमच्या रोजच्या जगण्यावर ठरतं.

पहिली वाट ओमेप्राझोल, पँटोप्राझोल वगैरे पित्ताच्या गोळ्यांची. पूर्वी या गोळ्यांनी सूज उतरली तर ‘मग हा इओई नव्हेच’ असं म्हणत. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीनंतर ती अट गेली आणि या गोळ्या उपचार म्हणूनच धरल्या जातात. साधारण निम्म्या किंवा त्याहून थोड्या कमी रुग्णांची सूज यांनी उतरते. दुसरी वाट अन्ननलिकेला आतून लागणाऱ्या स्टेरॉइडची (प्रश्न ८). तिसरी आहाराची (प्रश्न ९ ते १३).

यांनी भागलं नाही तर डुपिलुमॅब हे इंजेक्शन आहे. अमेरिकेत इओईसाठी त्याला मे २०२२ मध्ये १२ वर्षांवरील रुग्णांकरता आणि जानेवारी २०२४ मध्ये एक वर्षापुढच्या मुलांकरताही मान्यता मिळाली. ते महाग आहे. विमा असेल तर तो कशाला लागू होतो हे आधीच लेखी विचारून घ्या.

८. डॉक्टरांनी दम्याचा पंप ओढायच्या ऐवजी गिळायला सांगितलाय. ऐकण्यात चूक तर झाली नाही ना?

नाही, बरोबर ऐकलंत. फ्लुटिकासोनचा पंप इथे फुप्फुसांसाठी नाही, अन्ननलिकेला औषधाचा लेप बसावा म्हणून वापरतात. म्हणून स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावायचा नाही. पंप तोंडात मारायचा, त्या क्षणी श्वास आत ओढायचा नाही आणि औषध गिळायचं. ब्युडेसोनाइडचं नेब्युलायझरचं द्रावण एखाद्या घट्ट, गोड पदार्थात मिसळून चाटण म्हणूनही देतात. नंतर अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, नाहीतर लेप धुऊन जातो. तोंड मात्र चूळ भरून थुंकून टाकायचं. ज्यांचा आजार दुधामुळे आहे (प्रश्न ९) त्यांनी चाटण कशात कालवताय तेही बघा.

हे औषध रक्तात फार थोडं उतरतं. सगळ्यात नेहमीचा त्रास म्हणजे तोंडात किंवा अन्ननलिकेत बुरशी येणं. ती औषधाने जाते. केमिस्टने ‘हा तर दम्याचा आहे’ म्हटलं म्हणून औषध परत करू नका.

९. आहारातून नेमकं काय बंद करायचं?

१९९५ साली दहा मुलांना काही आठवडे फक्त अमिनो ॲसिडचं तयार द्रवरूप अन्न दिलं आणि आठ मुलांची लक्षणं गेली, दोघांची कमी झाली. आजाराचं मूळ अन्नात आहे हे तिथून पक्कं झालं. असं द्रवरूप अन्न आजही सगळ्यात प्रभावी आहे, पण चवीला कठीण आणि महागडं, म्हणून क्वचितच निवडतात.

व्यवहारात दूध, गहू, अंडं, सोया, शेंगदाणे-सुकामेवा, आणि मासे-कोळंबी या सहा गटांतून बंद करत जातात. सहाही एकदम बंद करण्याची पद्धत जुनी. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात प्रौढ रुग्णांपैकी फक्त दूध बंद केलेल्या ३४ टक्के जणांची सूज उतरली आणि सहाही गट बंद केलेल्या ४० टक्के जणांची. फरक इतका थोडा असेल तर सुरुवात दुधापासून किंवा दूध-गव्हापासून करावी असं आम्हालाही वाटतं. माणूस सहा आठवडे टिकून राहील असा आहार कागदावरच्या कडक आहारापेक्षा बरा.

या सहा आठवड्यांत ‘एक दिवस चालतं’ हा सूर नको. नंतर पुन्हा दुर्बीण, सूज उतरली असेल तर एकेक पदार्थ परत आणणं, आणि परत तपासणी. वेळखाऊ आहे. पण शेवटी हाती येतो तो तुमचा स्वतःचा एखाददुसरा पदार्थ, बाकी सगळं परत ताटात येतं.

१०. आपल्या स्वयंपाकात दूध आणि गहू कुठे कुठे लपलेले असतात?

दुधाचा खरा पेच चहाचा. दिवसातून तीनदा घरी, कचेरीत, पाहुण्यांकडे कपभर दूध नकळत पोटात जातं. कोरा चहा सुरू करा आणि घरच्यांनाही सांगून ठेवा. दही, ताक, कढी, पनीर, खवा, पेढे, श्रीखंड ही उघड नावं. बिस्किटं, पाव, चॉकलेट आणि मसाला लावलेले वेफर्स यांत दुधाची पूड असते. तुपात प्रथिनं नावापुरतीच उरतात, तरी चाचणीचे सहा आठवडे तेल वापरलेलं बरं.

गव्हाबद्दल तर लोक चकित होतात. रवा, मैदा, शेवया, लापशी हे ठाऊक असतं. पण डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा मैदा मिसळलेला असतो, म्हणजे रोजच्या फोडणीत गहू आला. थालीपिठाच्या भाजणीत आणि मेतकुटात गहू असतो. बाजारातलं ‘मल्टिग्रेन’ पीठ मुळात गव्हाचंच असतं. गिरणीत आधी कुणाचे गहू दळले असतील तर तुमच्या ज्वारीत ते पीठ उतरतं. तांदूळ किंवा बाजरीनंतर दळून द्या असं गिरणीवाल्याला सांगा, किंवा घरघंटी वापरा.

शेंगदाणे बंद असतील तर कूट आठवा: उसळ, काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, चटणी, साबुदाण्याची खिचडी. उपवासाचे पदार्थ गव्हाच्या दृष्टीने सोयीचे, पण शेंगदाणे आणि दुधाने भरलेले. कोकणातल्या घरांत सुकट-जवळा चटणीत कुटलेला असतो. सोया वड्यांसोबत तयार पिठांतलं सोयापीठही बघा.

ताट रिकामं होत नाही, हे मुद्दाम सांगतो. ज्वारी, बाजरी, तांदूळ, वरई, राजगिरा, सगळ्या भाज्या, फळं, डाळी राहतातच. नाचणीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं; दूध बंद असलेल्या मुलाला नाचणीचं पाण्यातलं सत्त्व आणि भाकरी जरूर द्या, पण कॅल्शियम-ड जीवनसत्त्वाची गरज आहारतज्ज्ञांकडून मोजून घ्या. पाकिटावर दूध, गहू, सोया, शेंगदाणे, अंडं, मासे यांची ॲलर्जीची सूचना छापणं भारतात बंधनकारक आहे. ती बारीक ओळ वाचायची सवय लावून घ्या.

११. गायीचं दूध बंद, पण म्हशीचं, शेळीचं किंवा ए२ दूध चालेल का?

नाही. म्हशीच्या आणि शेळीच्या दुधातली प्रथिनं गायीच्या दुधाशी इतकी मिळतीजुळती आहेत की शरीर त्यांना तेच समजतं. ए२ दुधात फरक असतो तो एका प्रथिनातल्या एका अमिनो ॲसिडचा. बाकी सगळं तेच. ‘देशी गायीचं आहे, बाधणार नाही’ असं प्रेमाने आणून देणाऱ्यांना नम्रपणे नाही म्हणा. लॅक्टोज काढलेलं दूधही नको, कारण इथे तक्रार साखरेची नाही, प्रथिनांची आहे.

१२. ॲलर्जीची रक्ततपासणी केली, तीस पदार्थ ‘पॉझिटिव्ह’ आलेत. सगळे बंद करू?

करू नका. इओई ही शेंगदाणा खाल्ल्याबरोबर ओठ सुजतात तशी झटपट ॲलर्जी नाही. त्यामुळे रक्तातलं आयजीई (झटपट ॲलर्जीची अँटिबॉडी) किंवा त्वचेवरची टोचणी यावरून इओईचा पदार्थ सापडत नाही. तीस पदार्थ सोडून वजन घटवून घेतलेली मुलं हे या तपासण्यांचं सगळ्यात वाईट फळ आहे. अपवाद एक: एखादा पदार्थ खाल्ल्यावर लगेच अंगावर पित्त उठणं, घशात सूज, धाप असं झालं असेल तर ती वेगळी ॲलर्जी, आणि तिच्यासाठी ही तपासणी हवीच. असा पदार्थ नंतर घरी परत सुरू करून बघायचा नाही.

१३. गहू सोडल्यावर बरं वाटलं. म्हणजे मला सेलिॲक आहे का?

ते वेगळं. सेलिॲक या आतड्याच्या आजारात ग्लुटेन (गव्हातलं एक प्रथिन) कायमचं बंद करावं लागतं आणि त्यासाठी टीटीजी नावाची रक्ततपासणी आहे. ती गहू खात असतानाच खरी येते, म्हणून गहू सोडण्याआधी ती करून घ्या. आधीच सोडला असेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा.

१४. आता काहीच त्रास नाही. औषध बंद करू का?

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा. या आजारात त्रास आणि सूज यांचा मेळ बसत नाही. घास नीट उतरत असतानाही आत सूज असू शकते, आणि सूज उतरल्यावरही जुन्या आकुंचनामुळे घास अडकू शकतो. म्हणून उपचार सुरू केल्यावर किंवा बदलल्यावर साधारण ८ ते १२ आठवड्यांनी पुन्हा तुकडे तपासतात. ‘बरं वाटतंय तर परत दुर्बीण कशाला?’ असं घरातले म्हणतील. ती याचसाठी.

औषध किंवा पथ्य सोडलं की बहुतेकांची सूज परतते. उपचाराविना वर्षं गेली की अन्ननलिकेत व्रण कडक होऊन ती अरुंद होते. स्वित्झर्लंडमध्ये २०० रुग्णांच्या नोंदी तपासल्या तेव्हा दोन वर्षांच्या आत निदान झालेल्यांपैकी सुमारे १७ टक्के जणांची अन्ननलिका अरुंद झालेली होती, आणि निदानाला वीस वर्षांहून जास्त लागलेल्यांपैकी सुमारे ७१ टक्के. डोस कमी करता येतो का हे जरूर विचारा, पण आपल्या मनाने थांबवू नका.

१५. घास अडकला आणि खालीवर होईना, तर काय करायचं?

आधी बघा, माणूस बोलू शकतो का? श्वास कोंडला असेल, आवाज फुटत नसेल तर घास श्वासनलिकेत आहे. पाठीत थापा, पोटावर दाब असे गुदमरल्यावरचे उपाय लगेच करा आणि १०८ ला फोन लावा.

श्वास ठीक आहे पण घास छातीत अडकला असेल तर सरळ बसा, थुंकी गिळता येत नसेल तर थुंकत राहा. केळं किंवा भाताचा गोळा गिळून आधीचा घास ढकलायचा घरगुती उपाय इथे करू नका. घशात बोटं घालून उलटीही काढू नका. जोराच्या उलटीने सुजलेली अन्ननलिका फाटू शकते. थुंकीही उतरत नसेल तर तडक रुग्णालय. थुंकी उतरत असली तरी घास २४ तासांच्या आत दुर्बिणीने निघायला हवा. नंतर छातीत जबर दुखणं, ताप, मानेखाली कातडी फुगणं यांतलं काहीही झालं तर तातडीने परत जा.

आणि दुर्बिणीआधी एक वाक्य आठवणीने बोला: ‘घास काढताना तुकडेही घ्या.’ अनेकांचं निदान तेवढ्यासाठी राहून जातं.

१६. अन्ननलिका फुगवून रुंद करणार म्हणतात. धोका आहे का?

नलिका अरुंद झाली असेल तर ती दुर्बिणीतून फुग्याने किंवा नळीने हळूहळू रुंद करतात. नंतर दोन-चार दिवस छातीत दुखणं नेहमीचं. नलिका फाटणं अनुभवी हातांत फार विरळा. घास उतरण्यात फरक लगेच पडतो. पण याने सूज जात नाही, म्हणून प्रश्न ७ मधला उपचार सोबत लागतोच.

१७. माझ्या आतड्याच्या तुकड्यात ‘इओसिनोफिल वाढलेले’ असं आलंय. हे इओसिनोफिलिक एंटरायटिसच ना?

इतक्यात नाही. आतड्यात या पेशी मुळातच असतात (प्रश्न १), म्हणून फक्त त्या एका ओळीवर शिक्का मारता येत नाही. आपल्याकडे आधी जंत, मग आतड्याचा टीबी, क्रोन्स (आतड्याच्या दीर्घकाळ सुजेचा आजार) आणि दुखण्याच्या गोळ्यांसारखी औषधं ही कारणं बाजूला काढावी लागतात.

जंतांमध्ये स्ट्राँगिलॉइडिसकडे विशेष लक्ष हवं. तो अनवाणी पायांतून शिरतो, शरीरात वर्षानुवर्षं निमूट राहतो आणि शौचाच्या एका तपासणीत सापडेलच असं नाही. म्हणून शौचाचे वेगवेगळ्या दिवशीचे नमुने आणि रक्तातली अँटिबॉडी तपासणी सुचवतात. हा जंत असताना पोटातून स्टेरॉइड दिलं तर तो अंगभर पसरून जिवावर बेतू शकतं. परदेशात राहणाऱ्यांनी, लहानपण गावात गेलं असेल तर तिथल्या डॉक्टरांना हे आवर्जून सांगावं; त्यांच्या मनात ही शक्यता लगेच येईलच असं नाही. टीबी लपलेला असताना नुसतं स्टेरॉइड देणंही तितकंच घातक.

१८. जठर-आतड्याचा आजार पक्का झाला. त्याची लक्षणं आणि उपचार इओईसारखेच का?

नाही. पेशी आतड्याच्या भिंतीत किती खोलवर गेल्या त्यावर लक्षणं ठरतात. आतल्या अस्तरात असतील तर जुलाब, पोटदुखी, रक्त कमी होणं, प्रथिनं गळून पायावर सूज. स्नायूंच्या थरात असतील तर आतडं अडून उलट्या. सगळ्यात बाहेरच्या थरात असतील तर पोटात पाणी होतं आणि त्या पाण्यातच इओसिनोफिल भरलेले सापडतात. असं पाणी टीबीमुळेही होतं, म्हणून ते तपासल्याशिवाय उपचार ठरवू नयेत.

गिळलेल्या पंपाचं औषध इतकं खाली पोचत नाही. बहुधा प्रेडनिसोलोन काही आठवडे देऊन हळूहळू उतरवतात, किंवा आतड्यात जाऊन उघडणाऱ्या ब्युडेसोनाइडच्या कॅप्सूल देतात. प्रेडनिसोलोन एकदम थांबवायचं नसतं. काहींना हा त्रास एकदाच होतो, काहींना मधूनमधून परतून येतो.

१९. यातून कॅन्सर होतो का? मुलांना होईल का?

इओईमुळे अन्ननलिकेचा कॅन्सर वाढल्याचं दिसलेलं नाही. कुटुंबात असण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, पण मुलांना लक्षणं नसताना दुर्बीण करायची गरज नाही. प्रश्न ४ आणि ५ मधल्या खुणांकडे लक्ष ठेवा.

२०. तीन महिन्यांचं बाळ फक्त अंगावर पितं, तरी शीमध्ये रक्ताच्या रेषा दिसतात. हाच आजार का?

बाळ हसतंखेळतं असेल, वजन वाढत असेल आणि शीमध्ये थोड्याच रेषा असतील, तर बरेचदा ती आईच्या आहारातल्या दुधामुळे आलेली मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाची सूज असते. तिथेही इओसिनोफिल असतात, पण हा वरच्या आजारांहून सौम्य आणि वेगळा प्रकार आहे. बालरोगतज्ज्ञांना दाखवून आईने स्वतःच्या आहारातलं दूध-दही बंद केलं की साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत फरक दिसतो. स्तनपान थांबवायचं नाही. आईला कॅल्शियम सुरू करावं लागतं. बाळंतिणीच्या डिंक-खारकेच्या लाडवांत दूधपूड किंवा खवा नाही ना, तेही बघा. बहुतेक बाळांना वर्षभराच्या सुमारास दूध पचू लागतं. मात्र रक्त जास्त असेल, पोट फुगलं असेल, ताप असेल, बाळ मलूल असेल किंवा पीत नसेल तर आहाराचे प्रयोग न करता त्याच दिवशी दाखवा.